माझा बंदूकवाला धुरेकरी

तेल्हारा तालुक्यात मला बुडवायला निघालेली माणसं पुष्कळ भेटली आणि त्यांतल्या एकेकाला मी पुरून उरलो. पण मनात काडीचंही वैर नसताना, अगदी प्रामाणिकपणे माझं नुकसान करणारा माणूस मला जन्मात एकच भेटला. तो म्हणजे माझा धुरेकरी. दोन वावरांमधल्या बांधाला आमच्याकडे धुरा म्हणतात. त्या धुऱ्याच्या अलीकडे माझं वावर आणि पलीकडे त्याचं, एवढंच आमचं नातं. मी डोक्यावर टोपली घेऊन भाजी विकत वाढलेला माणूस. पुढे अचलपूरकडचे संत्र्याचे बगीचे उक्ते घेऊ लागलो, तेव्हा झाडाखाली उभं राहून मालकाच्याच तोंडून त्याचा भाव खाली आणायची कला मला साधली. माझा आवाज चढला की समोरचा उतरतो, हा माझा जन्माचा अनुभव. या म्हाताऱ्यापुढे मात्र तो कधी कामाला आला नाही. मी धुऱ्यावर उभा राहून गरजायचो आणि तो पलीकडून शांतपणे विचारायचा, ‘चहा घेतला का, शेठ?’

पंचक्रोशीत पीक राखायच्या बंदुकीचा परवाना त्याच्या एकट्याकडे होता. बारा बोरची बापाच्या वेळची बंदूक. तिला त्याने जुन्या लुगड्याची खोळ शिवून घेतली होती. निवडणूक आली की परवान्याच्या बंदुका पोलीस ठाण्यात जमा कराव्या लागतात. हा माणूस खोळीसकट बंदूक काखोटीला मारून एस.टी.ने ठाण्यावर जायचा आणि ती ओल आलेल्या भिंतीला टेकवू नका, उंदराच्या वाटेवर ठेवू नका, असं तिथल्या शिपायाला इतक्या काकुळतीने सांगायचा की, पोरगी सासरी ठेवून निघालेल्या बापानेही सांगितलं नसेल. एका निवडणुकीत बंदूक दीड महिना अडकली, तर हा रोज पहाटे परवान्याचा कागद खिशात घालून वावरात उभा. मी म्हटलं, आबाजी, जनावर कागदाला भीत नसतं. त्यावर म्हणाला, ‘परवाना माह्या नावाचा हाये. बंदूक असो का नसो, हजेरी तं द्यावीच लागते.’

आमच्याकडे नाल्याकाठी हरणं आहेत आणि रोही आहेत. रोही म्हणजे पुस्तकातली नीलगाय. नावच तेवढं गाईचं, अंगाने घोडा. एका पहाटेत हरभऱ्याचं अर्धं वावर बोडकं करतो. हरणाला कायद्याने हात लावता येत नाही. रोहीसाठी अर्ज केला आणि लेखी परवानगी मिळाली तर परवान्याच्या बंदुकीने मारता येतो. म्हाताऱ्याचं याबाबतीत स्वतःचं शास्त्र होतं. तरुणपणी बापाच्या मागे शिकारीला हिंडलेला माणूस; पण हात शिवशिवतात म्हणून त्याने कधी घोडा ओढला नाही. नाला ते कॅनॉल एवढ्या जमिनीवर वीस-बावीस रोही जगू शकतात. त्यावर गेले की ते आपलंही खातात आणि स्वतःही उपाशी राहतात. अशा वेळी एखादा एकटा हिंडणारा नर काढावा, मादीला हात लावू नये, असं तो सांगायचा. गावातल्या एका म्हाताऱ्याने गाय या नावावरून हरकत घेतली तेव्हा हा म्हणाला, ‘नाव मानसानं ठेवलं, तिनं नाई सांगतलं.’ रोज संध्याकाळी तो मचाणावरून कळप मोजायचा. एक कमी भरला तर त्याला जेवण जात नसे. आपल्या वावरात नाल्याच्या बाजूला चार तास, म्हणजे चार ओळी ज्वारी तो खास त्यांच्यासाठी पेरायचा. पाहुण्याला ओसरीवर वाढलं की तो स्वयंपाकघरात शिरत नाही, असं त्याचं म्हणणं. पाहुणे ओसरीवरची ज्वारी खायचे आणि तोंड पुसायला माझ्या हरभऱ्यात यायचे.

आता नुकसानीचं सांगतो. एक साल माझा हरभरा पार गेला. मी भरपाईचा अर्ज केला. वनरक्षक आणि तलाठी पंचनाम्याला आले. मी सगळं वावर हात फिरवून दाखवत होतो. सौद्यात आकडा वरूनच सुरू करायचा असतो. तेवढ्यात धुरा ओलांडून हा आला. खुरांचे माग वाचण्यात त्याच्या तोडीचा माणूस नव्हता. कोणी काही विचारलं नसताना तो वाकून वाकून पाहत गेला, ओळीने पावलं टाकत गेला आणि वनरक्षकाला म्हणाला, ‘अठीपावतर रोह्यायनं खाल्लं. अठून पुढं शेठच्या म्हशीनं.’ पंचनाम्यात माझं अर्धं वावर गळालं. मी त्या हंगामभर त्याच्याशी बोललो नाही. तो मात्र रोज सकाळी धुऱ्यावरून चहाचं विचारत राहिला. मी बोलत नव्हतो, हे त्याच्या लक्षात आलं होतं की नाही, हेही मला आजवर कळलेलं नाही.

त्यानंतर दोन वर्षांनी त्याची मोजणी चुकायला लागली. मला सतरा दिसायचे, तो बावीस म्हणून समाधानाने जेवायला जायचा. एकदा तर माझ्या वावरातल्या बुजगावण्यालाच मी समजून, त्याच्या वावराकडचं पाणी का तोडलं म्हणून तो बराच वेळ समजावत उभा होता. मी धुऱ्याच्या आड बसून पोट धरून हसलो. तो किस्सा मी गावात चार ठिकाणी रंगवून सांगितला, आणि प्रत्येक वेळी ‘बुजगावणं याच्यापेक्षा शहाणं, उलट बोललं नाही,’ अशी जोड दिली. त्याच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला आहे हे मला तेव्हाच कळायला हवं होतं, असं मी लोकांना सांगतो. मला तेव्हाच कळलं होतं.

त्याच हिवाळ्यात कळप खरोखर वाढला. अर्ज, ठराव, खेटे, सगळं मी केलं आणि एक नर मारायची परवानगी आणली. बंदूक त्याची, म्हणून मारायचं त्याने. तो तयार झाला, पण जनावर मी निवडीन म्हणाला. दहा दिवस आम्ही दोघं पहाटे धुऱ्यावरच्या बाभळीखाली बसलो. कळप यायचा, हा बंदूक उचलायचा, थांबायचा, खाली ठेवायचा. ‘संगं पिल्लं हायेत’, ‘अंधार हाये’, ‘उद्या पाहू’. माझा हरभरा घाट्यावर आलेला. दहाव्या दिवशी मी त्याला नको ते बोललो. बंदूक नुसती खोळीत मिरवायला ठेवली का, असंही म्हणालो. त्याने बंदूक खोळीत सरकवली आणि घराकडे निघाला.

अकराव्या दिवशी धुक्याची धुई पडली होती. माझ्या हरभऱ्यात एकच जनावर मान खाली घालून उभं होतं. त्याने बंदूक खांद्याला लावली आणि माझ्याकडे न पाहता हळूच विचारलं, ‘नर हाये ना?’

जन्मात त्याने ही गोष्ट कोणाला विचारली नव्हती. मला शिंगं दिसली नव्हती. रंगही नराचा काळसर नव्हता. मला फक्त माझा हरभरा दिसत होता. मी म्हणालो, ‘नरच हाये आबाजी. हाना.’

एका गोळीत जनावर बसलं. त्याचा हात अजून तसाच होता. आम्ही जवळ गेलो. तो गुडघ्यावर बसला, त्याने पोटावरून हात फिरवला, कासेपाशी थांबला. बोटं वर केली तेव्हा ती पांढरी ओली होती. ‘हे दुधाची हाये, शेठ,’ एवढंच म्हणाला. मग उठून शेजारच्या तुरीत शिरला. तूर माणसाच्या डोक्यावर गेलेली. त्यात तो हातांनी फांद्या बाजूला करत पिल्लू शोधत होता. खात्याची माणसं आली, कागद झाले, जनावर नेऊन पुरलं. हा तुरीतच. मीही त्याच्या मागे मागे फिरलो. त्याला समोरची फांदीसुद्धा दिसत नव्हती, ती तोंडावर बसायची, तरी तो वाकून जमीन चाचपत होता. चार दिवस असंच चाललं. पिल्लू सापडलं नाही. पाचव्या दिवशी त्याने बंदूक ठाण्यात कायमची जमा केली आणि परवाना रद्द करायचा अर्ज दिला. कळप नाल्यापलीकडे सरकला. त्या साली माझा हरभरा असा झाला की, बाजूच्या गावचे लोक पाहायला आले.

त्याचा मुलगा अकोल्याला जठारपेठेत राहतो. तो येऊन बापाला घेऊन गेला. जाताना म्हाताऱ्याने धुऱ्यावरून माझा निरोप घेतला, प्रकृतीला जप म्हणाला. मला याचाच राग आहे. त्याने एक शिवी घातली असती, चारचौघांत नाव घेतलं असतं, तर मी दहा उत्तरं दिली असती आणि मोकळा झालो असतो. भांडणात मी कोणाला हार गेलेलो नाही. पण भांडायला समोर माणूस तर हवा.

गेल्या महिन्यात मी ठरवून अकोल्याला गेलो. तो गच्चीत उन्हाला बसला होता. दोन्ही डोळ्यांचं ऑपरेशन झालेलं. मला लांबूनच ओळखलं आणि ‘वाळला तू,’ म्हणाला. सून चहा ठेवून गेली. इकडचंतिकडचं झालं, आणि मी वाटेत घोकलेलं बोलून टाकलं. म्हणालो, आबाजी, त्या दिवशी मला दिसत होतं. शिंगं नव्हती.

त्याने चहाचा कप खाली ठेवला. मग म्हणाला, ‘तुले दिसलं असन. पन बंदूक कोनाच्या हातात होती? ज्याले दिसत नाई त्यानं उचलाचीच नाई. माहे डोये गेले हे मी कोनाले सांगतलं नाई. परवाना जाईन म्हनून.’

मी म्हणालो, ‘अर्धी चूक तरी माही धरा.’

‘सौदा नको करू, शेठ,’ तो म्हणाला. आवाजात राग नव्हता. मी उरलेला चहा पिऊन टाकला.

मी नको नको म्हणत असताना तो रिक्षात बसून स्टँडपर्यंत आला. तिथे त्याने माझ्यासाठी दोन केळी घेतली. फाटकातून एक गाडी आत वळत होती. मी कपाळावर आडवा हात धरून तिची पाटी वाचायचा प्रयत्न करत होतो, तर तो मागून म्हणाला, ‘तेल्हारा. तुहीच हाये.’ मी चढलो, खिडकीपाशी बसलो. गाडी भरेपर्यंत तो खाली उन्हात उभा होता, वर पाहत. मी हातातली केळी सोलत बसलो.