अण्णांची खरी तारीख

मंगळवारी सकाळी अण्णा गेले. फोन त्यांच्या उशाशी होता.

अण्णा, म्हणजे माझे वडील, कुंभार पिंपळगावच्या शाळेत मास्तर होते. आईची नजर गेल्यापासून ते तिच्यासाठी एक जाडजूड कादंबरी मोठ्याने वाचून फोनमध्ये साठवत. सकाळी शेतात जाताना फोन खिशात असे; दुपारी पुन्हा शेताकडे निघताना मात्र अंगठा टेकवून तो उघडायचे, वाचन लावून द्यायचे आणि मग चप्पल घालायचे.

आता फोन सहा आकडे मागत होता. तेराव्यानंतर आई म्हणाली, "त्यांचं वाचन लाव गं."

मी वाचून दाखवते म्हटलं.

"तू चांगलंच वाचतीस. पण ते मधीच थांबून लेखकाशी भांडायचे. तू भांडणारेस का?"

आकडा म्हणजे जन्मतारीख, एवढं अण्णांनी मला सांगितलं होतं. मी एक जून टाकली. आमच्याकडे त्या पिढीतलं अर्धं गाव एक जूनला जन्मलेलं आहे. पोराचं नाव घालायला आलेल्या आईबापांना तारीख आठवत नसे, आणि मास्तर ही सोयीची तारीख लिहून मोकळे होत. अण्णांनी ती शेकडो मुलांना दिली. त्यांना ती त्यांच्या मास्तरांनी दिली होती.

फोन उघडला नाही. साल पुढेमागे करून पाहिलं, तेव्हा तो मला थांबायला सांगू लागला. कुलूप लागलेल्या काचेवर मात्र रोज ओळ येई: आज तुमची पावलं नेहमीपेक्षा कमी आहेत.

नवीन जालन्यात कंपनीचं दुरुस्ती केंद्र आहे. तिथे मृत्यूचा दाखला घेऊन गेले.

"खोलून देतो ताई," काउंटरवरचा माणूस म्हणाला, "पण आतलं सगळं साफ होईल."

"मग खोलून काय उपयोग? फोन आमचा आहे."

"फोन बराबर तुमचा. पण कुलूप कंपनीचं. आमच्या बी हातात काही न्हाई."

त्याने चहा विचारला. मी नको म्हटलं आणि जुन्या जालन्यात आत्याकडे गेले. ती अण्णांची थोरली बहीण.

"एक जून?" आत्या म्हणाली. "बाई, ती तर शाळेची तारीख. हा पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी झाला. रझाकाराच्या सालचा पोळा. बैलांच्या माळा बी काढल्या नव्हत्या."

"अण्णांना हे माहीत होतं?"

"मागच्या साली मलाच विचारून गेल्ता. वहीत लिहून घेतलं. मी म्हटलं, म्हाताऱ्या, आता केक कापतूस का? तर नुसता हसला."

मी ज्या महाविद्यालयात शिकवते तिथल्या ग्रंथालयात जुनी पंचांगं बांधून ठेवली आहेत. रझाकाराचं साल म्हणजे अठ्ठेचाळीस; त्या सालातली पोळ्याची श्रावण अमावास्या शोधली, तिच्या दुसऱ्या दिवसाची तारीख चिठ्ठीवर उतरवली. घरी येताना मला खात्री वाटत होती. आधारवर एक जून, पेन्शनला एक जून, फोनच्या खात्यावरही एक जून. कंपनीला त्यांचं शेत कुठे आहे ते ठाऊक होतं, ते किती चालतात ते ठाऊक होतं, कुठल्या बियाण्याची चौकशी केली तेही ठाऊक होतं. ही तारीख अण्णांनी कुठल्याच फॉर्मवर लिहिली नव्हती. फक्त कुलपाला वापरली होती.

आईला शेजारी बसवलं आणि आकडे दाबले. फोन उघडला.

आत निरोप होते, फोटो होते, त्यांनी शोधलेल्या गोष्टींची यादी होती. मी ते उघडलं नाही. कंपनीने पाहिलं असेल. म्हणून मीही पाहावं असं होत नाही. वाचनं तेवढी मेमरी कार्डावर उतरवली. फोनचं लॉक काढलं, सिम काढलं, नेट बंद केलं, पावलं मोजणंही बंद केलं. मग पहिलं वाचन लावलं. दुसऱ्याच पानावर अण्णा थांबले आणि लेखकाला म्हणाले, "असं कुठं असतं का?" आई म्हणाली, "बघ."

शेवटच्या वाचनात ते म्हणतात, "हे काही मला पटत न्हाई. उद्या बघू."

फोन आता आईजवळ असतो. वाचनं एकतीस आहेत. कादंबरी अर्धी आहे.