टिंबापुढचा आकडा

विद्यापीठात ग्रंथालयशास्त्र शिकवणारे ते सर माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठे, तरी मला मामा म्हणत, कारण शिपायाला तिथं सगळेच मामा म्हणतात. रॅकमधून पुस्तक काढण्याआधी त्याच्या पाठीवर दोन बोटं टकटक वाजवायची त्यांची सवय होती. "न विचारता कुणाला घरातनं बाहेर काढायचं नाय," असं ते पोरांना सांगत आणि पोरं हसत.

मी भंडाऱ्याकडचा, पाचवीत शाळा सोडलेला. हे रोजंदारीचं काम मला त्यांच्याच शब्दावर मिळालेलं.

प्रात्यक्षिक परीक्षेच्या आदल्या दिवशी मी पुस्तकं त्यांच्या पाठीवरच्या नंबराप्रमाणे लावली. टिंबापुढं चार असलेलं आधी ठेवलं, तेरा असलेलं नंतर. चारापेक्षा तेरा मोठा, एवढंच मला ठाऊक. परीक्षेत एका मुलीला नंबरावरून शोधायला दिलेलं पुस्तक सापडेना. ती रडकुंडीला आली. बाहेरगावचे परीक्षक कडाडले, "कुणी लावलंय हे?"

मी दारातच उभा होतो. काम जाईल या भीतीनं तोंड उघडलं नाही.

"मीच लावलं," सर म्हणाले. "पोरीला पुन्हा वेळ द्या."

सगळे गेल्यावर ते माझ्याकडं न बघता म्हणाले, "मामा, टिंबापुढं तेरा नसतो बरं का. आधी एक, मग तीन. एकेक आकडा बघत जायचं, एक चाराच्या आधी येतो."

"ते येतं की मला, सर."

"व्हय? मग बरंय."

त्यांनी मुलीला न सापडलेल्या त्या पुस्तकाच्या पाठीवर दोन बोटं वाजवली, ते काढलं आणि त्याच्या जागी नेऊन ठेवलं. मला मात्र त्यांनी काहीच विचारलं नाही.