तुर्की नवरदेवाला गावबंदी

आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच, आणि राज्यशास्त्राचं आत्ता कुठं दुसरं वर्ष. एवढ्यावर परराष्ट्र धोरणाबद्दल लिहायला बसलो, त्याबद्दल आधीच माफी मागतो. पण ते धोरण माण तालुक्यातल्या आमच्या घरात शिरलं तेव्हा मी सांगलीच्या होस्टेलवर होतो आणि दोन्ही बाजूंचं बोलणं माझ्याच फोनवरून चालायचं.

आई हिंदीत डब केलेली एक तुर्की मालिका बघायची. तात्या, म्हणजे माझे वडील, फौजेतून रिटायर झालेले. ते टीव्हीकडे पाठ करून शेळ्यांची दावी वळत बसायचे. "काय त्ये रडगाणं," म्हणायचे. पण मालिका संपेपर्यंत त्यांचं दावं काही संपायचं नाही.

एका भागात ऐन लग्नाच्या दिवशी नायकाला गोळी लागली. दुसऱ्याच दिवशी बातमी आली, की तुर्कस्ताननं पाकिस्तानची बाजू घेतली.

"आजपासनं त्यो ह्या घरात दिसायचा न्हाई. गावबंदी!" तात्या म्हणाले.

"आवं, त्यानं काय केलंय? त्यो तर गोळी लागून पडलाय!"

"त्याच्या सरकारला इचार."

आईनं टीव्ही बंद केला आणि तात्यांशी बोलणंही. मालिका ती माझ्या चुलतीकडे जाऊन बघू लागली. आमच्यात आईवडलांचा अबोला झाला की पोरांमार्फत बोलतात. पोरगा सांगलीला, म्हणून हे फोनवर.

"सांग तुझ्या वडलास्नी, भाकरी झालीया."

"तात्या, भाकरी झालीय." फोन स्पीकरवर, तात्या तिच्या शेजारीच.

मग तात्या मला विचारायचे, "आपलं त्या देशाशी कवा जुळणार रं?"

वडील माझ्या विषयात रस घेतायत म्हणून मला भरून आलं. लायब्ररीत पेपर वाचून मी त्यांना राजदूत, व्यापार, तिकडून येणारी सफरचंदं, सगळं समजावलं.

"म्हंजे एवढ्यात न्हाई," ते खोल गेलेल्या आवाजात म्हणाले.

माझा शिराळ्याचा रूममेट हे ऐकत पडला होता. "गड्या, तुझ्या बापाला राजदूत नको. नवरदेव जगला का मेला, त्ये पायजे."

देशाचं धोरण पटेनासं झालं की त्याच्या मालिकांचा भाव उतरतो, असं आमचे सर शिकवतात. आमच्या घरातही उतरला होता, पण पुरता नाही. मी आईला नवरदेवाचं गुपचूप विचारलं.

"देशाचा प्रश्न हाय. ज्यानं बंदी घातली त्यानंच इचारावं."

तात्यांनी आठवडाभर दम काढला. मग एका संध्याकाळी म्हणाले, "तुझ्या आईला इचार, त्या पोराचं काय झालं."

"कंचं पोरगं म्हणावं?" पलीकडून आई.

"गोळी लागल्यालं."

आईनं आधी ओरडणाऱ्या शेळीला दटावलं.

"सांग तुझ्या वडलास्नी, वाचलाय त्यो. लगीन बी झालं."

मी घसा खाकरला. "तात्या, वाचलाय. लग्नही झालं."