असलाच तर किती

आजही चहा कपभर जास्त झाला, म्हणून तो कप घेऊन मी मुलीच्या खोलीत गेलो. आसावरी खगोलशास्त्रज्ञ आहे. तिच्या पडद्यावर फुटलेल्या ताऱ्याचं चित्र होतं, उपग्रहावरच्या दुर्बिणीने क्ष-किरणांत टिपलेलं. बाहेरून उजळ कडं आणि मध्ये नुसता काळोख. तारा फुटला की त्याचा गाभा मागे उरू शकतो, शहराएवढा लहान पण सूर्याहून जड. कधी त्याच्याभोवती धूसर तेजही पसरलेलं असतं. या काळोखात तो न्यूट्रॉन तारा ती वर्षभर शोधते आहे.

"नाहीच सापडला?" मी विचारलं.

"नाही ना, बाबा. आता शोधनिबंध लिहायला घेते."

"म्हणजे तिथे काही नाही, असं लिहिणार?"

"तसं नाही लिहीत आम्ही. असलाच तर जास्तीत जास्त किती तेजाचा असेल, तेवढं सांगायचं. त्याहून उजळ असता तर दिसलाच असता."

ही रीत मला आवडली. दिसत नाही म्हणजे नाहीच, असं ठरवायची घाई आपल्यालाच फार. आसावरीची आई जाऊन तीन वर्षं झाली. माझी बहीण दर रविवारी फोनवर विचारते, "दादा, आता त्रास होत नाही ना?" मी ठणठणीत आवाजात सांगतो, "छे, काही नाही."

आज तिचा फोन आला तेव्हा तिने तेच विचारलं.

"असलाच तर कपभर असेल," मी म्हणालो. "चहा अजून तिघांचाच टाकतो मी."