डेव्हिडभाऊंना न आठवलेली जागा

दवाखान्यातून फोन आला तेव्हा मी पिंप्राळ्यातल्या आमच्या घराच्या गच्चीवर ज्वारीचे पापडासारखे बिबडे वाळत घालत होते. "तुमचे भाडेकरू गेले," नर्स एवढंच म्हणाली. त्याला आता पाच आठवडे झाले. डेव्हिडभाऊ आमच्या वरच्या खोलीत अठरा वर्षं राहिले. सीमेपलीकडच्या डोंगरांत वेगळ्या देशासाठी बंदूक उचललेल्या संघटनेचे ते पुढारी. परत गेले तर फाशी, म्हणून इथे आसऱ्याला. दर सोमवारी पोलीस ठाण्यात सही करायची, एरवी नर्सिंगच्या मुलींना इंग्रजी शिकवायचं. ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आवडीने खायचे, मला अक्का म्हणायचे. त्यांच्या लढाईबद्दल मी कधी विचारलं नाही. लढाई म्हणजे समोरासमोरचे सैनिक, एवढीच माझी समजूत.

दोन वर्षांपूर्वी पुण्याहून बसने एक तरुणी आली. रेबेका तिचं नाव, त्यांच्याच मुलुखातली. मी चहा घेऊन वर गेले तर ती उभीच होती. मलाही कळावं म्हणून की काय, हिंदीत बोलली, "माझे वडील यांचे जिवलग मित्र होते. फितूर ठरवून यांनी त्यांना मारायला लावलं." मग भाऊंकडे वळली, "कुठे पुरलं, तेवढंच सांगा."

भाऊ म्हणाले, "आठवत नाही."

माझ्या हातात आपला नंबर देऊन ती चहा न घेताच गेली.

मला वाटलं, खोटं बोलताहेत. पण दुसऱ्या दिवसापासून ते नकाशे काढू लागले. एक ओढा, टेकडी, बांबूचं बेट... प्रत्येक कागदावर ओढा वेगळ्याच बाजूला वळायचा. एकदा जिन्यात मला थांबवून मोडक्या मराठीत म्हणाले, "अक्का, तो फितूर नव्हता. महिन्याभरातच कळलं होतं मला." त्यानंतर भाकरी मी त्यांच्या हातात दिली नाही, पायरीवर ठेवत गेले. आज ते आठवलं की लाज वाटते. आणि तरी वाटतं, दुसरं काय केलं असतं?

त्यांना पुरलं त्या दिवशी ख्रिस्ती दफनभूमीत आम्ही चौघंच होतो. शेजारचे नाना हळूच म्हणाले, "त्याले कोनी नही शे का?" तेवढ्यात फाटकातून रेबेका आली. मीच कळवलं होतं, पण येईल असं वाटलं नव्हतं. तिने माती टाकली नाही. खड्डा बुजेपर्यंत थांबली, मग फाटकापासून थडग्यापर्यंतची पावलं मोजली आणि वहीत लिहून घेतली.

"हे कशाला गं?" मी विचारलं.

"यांची मुलगी आहे तिकडे," ती म्हणाली. "उद्या तिने विचारलं, तर कोणाला तरी सांगता आलं पाहिजे."