इर्मा यान्सच्या नावाखाली कोणीच नाही

“अजून किती?” मी विचारलं.

“दोन शेड,” अलिना म्हणाली.

दोनच्या सात शेड झाल्या होत्या. दुबईच्या अल क्वोजमध्ये टॅक्सीवाल्याने आम्हाला भलत्याच गेटपाशी सोडलं, त्याला पाऊण तास झाला होता. एकीकडे मार्बल कापायचे कारखाने, दुसरीकडे ट्रकची रांग, मध्ये आम्ही दोघी. पाच वाजून गेले होते. छापखाना सहाला बंद होणार होता. आज प्रूफ पास झालं नाही, तर शुक्रवारपर्यंत वंशावळीचा तक्ता मिळणार नव्हता.

अलिना भराभर चालत होती. एरवी तिचे गुडघे दुखतात.

अलिना यान्स ही शारजात आमच्या समोरच्या दाराची शेजारीण, गेल्या सतरा वर्षांपासूनची. मूळची कोलंबोची. तिचे पूर्वज तीनशे वर्षांपूर्वी हॉलंडहून जहाजाने येऊन लंकेत राहिले. अशा लोकांना तिकडे बर्गर म्हणतात. माझी मुलगी शुभ्रा लहानपणी ते ऐकून खो खो हसली होती, तेव्हा अलिनाने विचारलं होतं, “चीज लावू का वरती?” ती एका क्लिनिकात रिसेप्शनला आहे. लग्न केलं नाही. आईला, इर्माआंटींना, शेवटची अकरा वर्षं इथे आणून तिनेच सांभाळलं. गुरुवारी माझा उपास असतो म्हणून त्या दिवशी ती मासे तळत नाही. मी कधी सांगितलेलं नाही, पण तिच्या लक्षात असतं. आमचं बोलणं हिंदी-इंग्लिशमध्ये मिसळून चालतं, इथे मराठीत लिहिते आहे.

यंदा यान्स घराण्याचं संमेलन तिने अंगावर घेतलं. मेलबर्न, टोरोंटो, कोलंबो मिळून चौसष्ट माणसं शुक्रवारी समुद्रकाठच्या खोर फक्कानला जमणार होती. व्हिसा, बस, हॉटेलच्या खोल्या, म्हाताऱ्यांच्या व्हीलचेअर, सगळं हिच्याकडे. माझ्या सासरच्या कुलसंमेलनात मी नोंदणीच्या टेबलावर बसले होते, म्हणून सल्ल्याला मी. शाखेप्रमाणे बॅजचे रंग वेगळे ठेव, दारातच वंशावळीचा मोठा तक्ता लाव, हे मीच सांगितलं. नमुना म्हणून आमच्या कुलवृत्तांताच्या एका पानाचा फोटोही पाठवला. तिने तो आपल्या मेलबर्नच्या मामांना पुढे पाठवला. मामा ब्याऐंशी वर्षांचे. घराण्याचं पुस्तक त्यांच्या ताब्यात असतं.

“मी माझं नाव घालून यादी पाठवली होती,” अलिना चालता चालता म्हणाली. “दोन दिवस उत्तर नाही. मामांनी फाइल परस्पर छापखान्यात पाठवलीय.”

“घातलं असेल गं. एवढं सगळं तूच करतेयस.”

“इन्शाल्ला,” ती म्हणाली. पण तिचा आवाज कोरडा होता.

छापखान्याचा फरदीन दारातच उभा होता. “मॅडम, यल्ला, जल्दी देखो. छे बजे शटर खलास.”

टेबलावर लांबलचक कागद पसरला होता. सगळ्यात वर जहाजाने आलेला पहिला यान्स. खाली मुलगे, मुलग्यांचे मुलगे, फांद्याच फांद्या. अलिना बोट फिरवत खाली आली. ‘इर्मा यान्स, १९३८–२०२०, विवाहित.’ आंटींच्या भावांच्या नावांखाली नातवंडांपर्यंत गर्दी. इर्माआंटींच्या खाली कोरा कागद.

अलिनाने बोट उचललं नाही. दुसऱ्या हाताने मामांना फोन लावला. मेलबर्नला मध्यरात्र असणार, पण म्हातारा जागाच होता. तिने स्पीकर सुरू केला.

“अलिना डार्लिंग, पोचलीस?”

“मामा, मी कुठे आहे?”

“अगं, मनाला लावून घेऊ नकोस. पुस्तक बापाकडून चालतं. तुझे वडील तमिळ होते.”

“मी दोन वर्षांची असताना गेले ते. मी यान्स नाव लावते.”

“ते तुझ्या आईने लावलं. आणि तुझ्या इंडियन मैत्रिणीचं पान पाहिलं मी. त्यांच्यातही असंच आहे. मुलगी, विवाहित, फुलस्टॉप. शहाणी माणसं!”

त्या पानावर माझी नणंद होती, कुमुदवन्सं. ‘विवाहित’ पुढे गावाचं नाव आणि संपलं. पुस्तक हातात आलं त्या दिवशी त्यांनी पान उलटून पाहिलं होतं, पुन्हा सुलटून पाहिलं होतं, आणि मला विचारलं होतं, “माझी पोरं कुठं गेली गं?” मी म्हणाले, “पद्धतच आहे ना वन्सं,” आणि प्रसाद वाटायला निघून गेले. जे कुलदेवीच्या नावाने छापलं ते बरोबरच असणार, असं मी धरून चालले होते.

“मॅडम, पंद्रह मिनट,” फरदीन म्हणाला.

अलिनाने फोनचा आवाज तिकडे जाणार नाही असं बटण दाबलं. “शुभ्राचं लग्न झालं, तिला मुलं झाली, तर ती येतील तुमच्या पुस्तकात?”

“नाही.”

“तुला चालेल?”

मी मनातल्या मनात देवीचं नाव घेतलं.

“आईचे डायपर मी बदललेत, अनू,” ती म्हणाली. रडत नव्हती. “शुक्रवारी दारात उभी राहून चौसष्ट जणांना बॅज मी लावणार. आणि तक्त्यात आई निपुत्रिक. हे मी बोलले तर म्हणतील, स्वतःसाठी भांडते.”

“मग फरदीनला सांग ना, घालेल तो नाव.”

“चोरून नको. त्यांच्या तोंडून हो यायला हवं.” तिने फोन उचलून माझ्यापुढे धरला. “पान तुझं आहे. तुझ्या घरचं. ते तुझ्या पानाचा आधार घेतायत. ते पान चुकलंय, हे तूच सांग त्यांना. आत्ता.”

मग तिने बटण दाबून आवाज पुन्हा सुरू केला.

“मामा, अनुपमाला तुमच्याशी बोलायचंय. बोल, अनू. प्लीज.”