पाठीवरची नाणी

त्या रविवारपासून मी घरात नुसत्या येरझारा घालते आहे. कारण सांगितलं तर लोक हसतील. एका खेळात माझ्याकडं साडेतीन हजार सोन्याची नाणी होती आणि मी ती वेळेवर टाकली नाहीत.

खेळ म्हणजे चौघांनी टेबलाभोवती बसून रचलेली गोष्ट. ऑफिसातला एक सहकारी ती सांगतो. राक्षस, भुयारं, खजिने सगळे त्याच्या डोक्यातले. आम्ही तिघं आपापलं पात्र कागदावर लिहून खेळवतो आणि जमलं की फसलं ते फासा ठरवतो. दर रविवारी दुपारी, विमानतळाजवळच्या एयरोसिटीतल्या माझ्या फ्लॅटवर. डोक्यावरून विमान गेलं की सगळे गप्प, मग गोष्ट पुढं. मी तलवारवाली, एक जण धनुर्धारी, आणि तिसरी शहरातल्याच सेक्टर ६७ मधल्या संस्थेत औषधांवर संशोधन करणारी पंजाबी मुलगी. तिचं पात्र म्हणजे जखमा बऱ्या करणारी एक लंगडी, तोंडाळ म्हातारी. अडीच वर्षं तिनं ती जिवापाड जपली. प्रबंध संपवून ती परदेशी निघाली होती, त्याआधी म्हातारीला तिच्या गावी सुखरूप पोचवायचं, एवढंच आमचं ठरलं होतं.

खजिना माझ्याकडं होता. मी मागितला नव्हता, पण नाहीही म्हटलं नाही. वडील केंद्र सरकारच्या नोकरीत, दर तीन वर्षांनी बदली, आणि घरात एकच नियम: मागं काही ठेवायचं नाही. मोडका स्टोव्ह, पडद्याच्या गंजक्या कड्या, सगळं ट्रकमधे. दुसऱ्याकडं ठेवलेली वस्तू परत येत नाही, असं आई म्हणायची. आणि कड्यांकडं बोट दाखवलं की, "असू दे गं, लागतं." माझ्या दारामागं अजून तीन खोकी न उघडता पडून आहेत. त्यांत काय आहे ते मलाही सांगता येणार नाही.

या खेळात नाण्यांना वजन असतं. फार उचलली की पात्र हळू चालतं. वाटेतल्या गावात सोनं देऊन हलके हिरे घेता येत होते, पण सोनार दहातलं एक नाणं कापून घेणार म्हटल्यावर माझं डोकंच फिरलं. त्या काल्पनिक सोनाराशी मी पाऊण तास भांडले. तोवर धनुर्धाऱ्यानं सगळ्यांचे समोसे संपवले.

"दे दे यार, हल्की हो जा," पंजाबी मैत्रीण म्हणाली.

मी दिलं नाही.

मग त्या रविवारी भुयारात पाणी चढायला लागलं. धनुर्धारी बाहेर पडला, म्हातारीही दारापर्यंत पोचली. मी मागं. गोष्ट सांगणारा म्हणाला, "थैली टाकलीस तर फासासुद्धा नको. सरळ निघून जाशील." इतकं सोपं होतं. मी म्हटलं, "थांब, बघते." थैलीतली थोडी चांदीची आधी टाकू, की अर्धी सोन्याची टाकू, असा माझा हिशेब सुरू झाला.

"मैं लेके आती हूँ इसको," ती म्हणाली, आणि लंगडी म्हातारी मागं फिरली. तिनं मला बाहेर ढकललं. तिला स्वतःला सुटायला वीस बाजूंच्या फाशावर निदान बारा हवे होते. दोन आले.

म्हातारी बुडाली. तिनं म्हातारीचा कागद चार घड्या करून पर्समधे ठेवला. मला रडू आलं, लाज वाटली, आणि खरं सांगायचं तर तिचा रागही आला. कुणी सांगितलं होतं मागं फिरायला?

दोन दिवस कामात लक्ष लागेना. मग आठवलं, देवळात पैसे भरले की मेलेलं पात्र उठतं, असा खेळात नियम आहे. सांगणाऱ्याला फोन केला. तो म्हणाला, "तिला चालणार असेल तर माझी ना नाही." मी तशीच रिक्षा करून तिच्या होस्टेलवर गेले.

ती सामान बांधत होती. बॅग काट्याला लटकवायची, आकडा बघायची आणि एकेक वस्तू बाहेर काढायची. जाकीट, पुस्तकं, चपला. काढताना हात जराही अडखळत नव्हता.

"सगळी नाणी देते," मी म्हटलं. "उठव तिला."

"रहने दे. अच्छी गई वो." ती हसली. मग काटा खाली ठेवून म्हणाली, "एक बात बता. इतने पैसों का तुझे करना क्या था?"

मी तोंड उघडलं. तलवार होती, चिलखत होतं, घोडासुद्धा होता. "लागतील म्हणून," मी म्हणाले, आणि ते मराठीतच बाहेर पडलं.

तिला ते कळलं असावं. तिनं बॅगेतून पाणी उकळायची केटली काढली, झाकण जरा तुटलेली, आणि माझ्यापुढं धरली. "ले, ये भी रख ले."

माझ्याकडं दोन केटल्या आहेत. तरी मी ती घेतली.